शिडीची पाळी

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं ओडमुंड आजोबांनी आम्हाला बजावलं होतं, कारण बोर्गहिल्डकाकू अजून गावातच राहतात. तोंडाने सांगणं मला तसंही जमलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

शाळा सुटली की आम्ही मुलं धक्क्यावरच्या शेडमध्ये विकायला कॉड माशांच्या जिभा कापतो. आमच्या या उत्तरेकडच्या गावात हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही, त्यामुळे जानेवारीत त्या वेळीही बाहेर मिट्ट काळोख असतो. ओडमुंड आजोबा कोपऱ्यात गळांना आमिष लावत बसलेले असतात. त्या दिवशी आमच्यातली सोल्वैग लाईफ जॅकेट न घालताच बर्फाळ धक्क्यावरून आली. आजोबा रागावले नाहीत. हातातला गळ खाली ठेवून त्यांनी स्टेनारची गोष्ट सुरू केली.

"भुताची आहे का?" सोल्वैगने विचारलं. "भुतालाही जॅकेट लागतं का हो, आजोबा?"

"भुताला नाही लागत. तुला लागतं. घाल आधी, मग ऐक."

स्टेनार आजोबांच्याच बोटीवर कामाला होता. बोर्गहिल्डकाकू त्याची थोरली बहीण, आणि त्यांचे यजमान योस्टाइन, म्हणजे त्याचे मेहुणे.

धक्क्यावरून पाण्यात उतरणाऱ्या लोखंडी शिडीवर हिवाळ्यात बर्फ चढतो. पाण्यात पडलेल्या माणसाला वर यायला दुसरी वाट नसते, म्हणून दर आठवड्याला एका घराने रोज ती शिडी फोडून मोकळी करायची, मीठ टाकायचं, अशी आमच्याकडे पाळी असते. त्या आठवड्यात पाळी स्टेनारची होती. दुपारच्या कॉफीला तो बहिणीकडे गेला, तेव्हा तिने विचारलं, शिडी केलीस का. तो वॅफल खात होता. तोंडात घास तसाच ठेवून म्हणाला, "सगळं ठीक आहे, ताई. तू आत बस. थंडी आहे."

त्याने शिडीला हातही लावला नव्हता.

त्याच संध्याकाळी योस्टाइन आपल्या बोटीवरचा बर्फ फोडायला गेले आणि घसरून पाण्यात पडले. शिडीला काचेसारखा बर्फ होता. हातातल्या लाकडी हातोड्याने ते शिडीवर ठोकत राहिले. घराघरांत तो आवाज ऐकू गेला. लोक कॉफी पिता पिता म्हणाले, योस्टाइन बर्फ फोडतोय वाटतं, कष्टाळू माणूस. बोर्गहिल्डकाकूही तेच म्हणाल्या. मग ठोकणं थांबलं. काम झालं असेल, असं सगळ्यांना वाटलं.

तेव्हापासून गावाने नियम केला. अंधारात ठोकण्याचा आवाज आला, की दार उघडून हाक मारायची. ठोकणाऱ्याने उत्तर द्यायचं.

काकू भावाला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. दर रविवारी त्याला कॉफीला बोलवायच्या. फक्त कॉफी योस्टाइनच्या कपातून द्यायच्या. तो कप पुरा रिकामा होईपर्यंत समोर बसून राहायच्या.

वर्ष गेलं. बारा जानेवारी, शुक्रवार. सूर्य परत दिसायला अजून आठवडा होता. वादळाचा इशारा होता आणि बोटीवर एवढा बर्फ साचला होता, की ती जागच्या जागीच उलटली असती. स्टेनार कॉफीनंतर तो बर्फ फोडायला खाली धक्क्यावर उतरला. आता तो फार जपून वागायचा. बुटांना काटे, अंगात जॅकेट, डोक्याला दिवा. पाळी नसतानाही दुपारी त्याने स्वतः शिडी फोडून घेतली होती, मीठ टाकलं होतं.

बर्फ फोडून झाला. बोटीवरून धक्क्यावर पाय टाकताना बोट हलली. तो मध्येच पाण्यात गेला.

जॅकेट फुगलं. डोकं वर राहिलं. त्याने शिडी धरली.

शिडीवर हातभर बर्फ होता. जणू वर्षभर तिला कुणी शिवलंच नव्हतं.

थंडीने छाती आवळली. ओरडायला श्वास पुरेना. त्याचा हातोडा वर बोटीत राहिला होता. आणि तेवढ्यात... वर ठोकण्याचा आवाज आला.

ठक्. ठक्.

कुणीतरी शिडी मोकळी करत होतं. सगळ्यात वरच्या पायरीपासून. बर्फाचे तुकडे त्याच्या तोंडावर पडत होते. दिव्याच्या उजेडात त्याला फक्त काठ दिसत होता. माणूस नाही.

एक पायरी झाली. मग दुसरी. घाई नव्हती. त्याला वाटलं, आलं कुणीतरी. वाचलो.

दूर दार उघडल्याचा आवाज आला. बोर्गहिल्डकाकूंची हाक आली. "कोण ठोकतंय?"

स्टेनारने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

वरून उत्तर गेलं.

"सगळं ठीक आहे, ताई. तू आत बस. थंडी आहे."

आवाज स्टेनारचा होता. तोच. तोंडात घास असलेला.

दार लागलं.

ठोकणं पुन्हा सुरू झालं. खाली, आणखी खाली... त्याच्या हाताच्या वरच्या पायरीपर्यंत. तिथे थांबलं.

आजोबांनी गळ पुन्हा हातात घेतला आणि उरलेलं सांगितलं.

बऱ्याच वेळाने बंदरात शिरणाऱ्या एका बोटीला स्टेनार दिसला. त्याची बाही शिडीला गोठून चिकटली होती, म्हणून तो बुडला नव्हता. उजव्या हाताची बोटं मात्र गेली. आता तो दक्षिणेला, समुद्रापासून लांब राहतो. त्याने कुणालाही दोष दिला नाही. काकूंना हे कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी हाक मारली होती. त्याने उत्तर दिलं." एवढंच.

सकाळी लोकांनी शिडी पाहिली. त्याने धरलेली शेवटची पायरी सोडून सगळी मोकळी. आणि वर काठाशी, धक्क्याच्या फळ्यांवर, गुडघ्यांएवढ्या दोन ओल्या जागा. तिथे अजूनही बर्फ धरत नाही.

मला ते खरं वाटलं नव्हतं. आज शाळेतून येताना मी मुद्दाम थांबले. उणे अठरा होतं. सगळा धक्का पांढरा, आणि त्या दोन जागा काळ्या. मी हातमोजा काढून एकीवर हात ठेवला. गार नव्हती. कुणी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची लागते ना, तशी. मी वाकलेलीच होते, आणि माझ्या हाताशेजारी फळी हळूच दबली, जणू कुणी पुन्हा गुडघा टेकत होतं.

आई हाक मारते आहे. हो आई, आले.