घरच्यांसाठी सवलत

गोंदियाच्या चुन्नीलाल सेठच्या दुकानात एकाच लॅपटॉपचे तीन भाव होते आणि तिथल्या गजेंद्रला ते झोपेतही पाठ होते. पण त्या दुपारी काउंटरपलीकडे पुष्पांजली येऊन उभी राहिली, ओढणीनं कपाळावरचा घाम टिपला... आणि गजेंद्रला स्वतःचं आडनावही आठवेना.

"तीन भाव काऊन?" तिनं विचारलं.

"एक विद्यार्थ्यांचा, एक कर्मचाऱ्यांचा, एक – उरलेल्या जनतेचा."

"अन् लॅपटॉप?"

"लॅपटॉप तोच. फरक गिऱ्हाइकात."

"माझ्यात आहे का काही फरक?"

"लय," गजेंद्र म्हणाला आणि लगेच खाली वाकून नसलेली वायर शोधू लागला.

विद्यार्थ्यांचा भाव तिला लागू होईना. बी.ए. संपलं होतं, बी.एड.चा प्रवेश व्हायचा होता. मधल्या काळात ती कागदोपत्री कोणीच नव्हती. सोबत आलेले तिचे वडील रामलाल, आमगावकडचे धानवाले शेतकरी, 'कर्मचारी' ऐकून उजळले.

"मंग आमच्या गावच्या कोतवालाले घेऊन येतो. पक्का कर्मचारी हाय."

"काका, कर्मचारी म्हंजे या दुकानातला. नाई तं त्याच्या घरचं कोणी."

"तुमच्या घरचं कोणी घेत नाई का लॅपटॉप?" पुष्पांजलीनं विचारलं.

"चिचगडले माय आहे अन् बकरी. दोघी नाई म्हणतात."

ती हसली. सगळा घोटाळा त्या हसण्यानं केला.

आतून सेठचा आवाज आला, "गजेंद्र, कौन है? घर की है क्या?"

एका बाजूला सेठ, दुसऱ्या बाजूला पोरीचा बाप. मैत्रीण म्हणावं तर सवलत नाही, बायको म्हणावं तर दात जागेवर राहणार नाहीत.

"बहीण हाय, सेठ," गजेंद्र म्हणाला.

लॅपटॉप कर्मचाऱ्याच्या भावात गेला. रामलालांनी त्याचे दोन्ही हात धरले. पुष्पांजली मात्र त्याच्याकडे असं बघत राहिली, जसं कोणी विहिरीत पडलेल्या चांगल्या माणसाकडे बघावं.

मग ती येऊ लागली.

"कीबोर्डात भाताचं शीत गेलं."

"कसं काय?"

"जेवता जेवता अभ्यास करून राहिली होती."

"कोणत्या विषयाचा?"

"तुमचा."

पुढच्या वेळी पोहा निघाला. त्याच्या पुढच्या वेळी चकलीचा अख्खा तुकडा.

"हे आपोआप नाई पडत," गजेंद्र चिमट्यानं तो काढत म्हणाला.

"पाडावं लागते," ती म्हणाली. चिमटा खाली पडला. उचलायला दोघंही वाकले... आणि बराच वेळ कोणीच वर आलं नाही.

"अरे, बहन आई है और चाय नहीं मंगाई?" सेठ गरजला. त्याला स्वतःची बहीण नव्हती, म्हणून दुसऱ्याच्या बहिणीचं त्याला फार कौतुक. तो समोसे मागवायचा आणि समोशांबरोबर स्वतःही बसायचा.

राखीच्या दिवशी रामलालच पोरीला घेऊन आले. "एकुलती पोर माझी. हिले सख्खा भाऊ नव्हता," ते सेठला सांगत होते आणि सांगता सांगता त्यांचे डोळे भरत होते. सेठचेही भरले. पेढ्यांचा पुडा फुटला.

तेवढ्यात पुष्पांजली काउंटरशी आली. "सांगून टाका," ती हळूच म्हणाली.

"सेठ मले आत्ता कामावरून काढून टाकीन. अन् तुझ्या बापूले भर दुकानात खोटा पाडीन. ते असे रडून राहिले..."

"मी पूर्ण भावात घेतला असता, गजेंद्र. तुम्हाले कोणी म्हटलं होतं सवलत द्यायले?"

त्याच्याजवळ उत्तर होतं. ते तोंडापर्यंत आलंही. पण रामलाल डोळे पुसत वळले, "हं, बांध पोरी," म्हणाले – आणि गजेंद्रनं हात पुढे केला.

राखी बशीएवढी होती, मधे चमचमता मोर. रामलालांनी स्वतः निवडलेली. गाठ बांधताना तिनं एकदाही वर बघितलं नाही.

त्यानंतर तिचा कीबोर्ड कधीच बिघडला नाही.

उन्हाळ्यात लग्न ठरलं. नवरदेव चंद्रकुमार, अर्जुनी मोरगावचा मास्तर. माणूस भला निघाला, हा आणखी एक अन्याय. मांडवात गजेंद्र वाढपी झाला, जनरेटरवाल्याशी भांडला, वरातीतल्या बेशुद्ध मामाला त्यानं खांद्यावर घेऊन खाटेवर टाकलं. भावाला कामं असतातच.

मग कानपिळी आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि मानाचं कापड हाती पडल्याशिवाय सोडायचा नाही. बायका ओरडल्या, "जोरानं!" गजेंद्रनं कान धरला. शर्टाचं कापड आलं. त्यानं सोडला नाही. पँटचं आलं. टॉवेल आला. मांडव हसून हसून लोटपोट झाला. पुढे हसू विरळ होत गेलं, बॅंडवाल्यानं सनई तोंडातून काढली, कान कुंकवासारखा लाल झाला.

"साळेबुवा," चंद्रकुमार नम्रपणे म्हणाला, "आता आमच्याजवळ कापड नाई."

पुष्पांजलीनं बाशिंगाच्या झालरीतून वर बघितलं. तोवर तिनं त्याला कधी नावानं हाक मारली होती, कधी नुसतं 'तुम्ही'.

"सोड ना, दादा," ती म्हणाली.

गजेंद्रनं सोडला.