तासाची गाडी

हे गेल्यावर महिन्याभरातच मी आमची गाडी विकून टाकली. सिग्नलला गाडी उभी असताना त्यांचं हृदय थांबलं होतं. त्या स्टीअरिंगला हात लावणं मला जमेना. मुलगी म्हणाली, "आई, स्वतःची हवीच कशाला? कोपऱ्यावर तासाच्या भाड्याने गाड्या मिळतात. फोनवरून कुलूप उघडायचं, काम झालं की सोडून द्यायची." मला पटलं. आज पांढरी, उद्या निळी. जी कोणाचीच नाही, तिच्यात कोणाची आठवण कशाला बसून राहील?

पहिल्याच दिवशी औषधं आणायला निघाले, तर सीट पार मागे ढकललेली. माझे पाय ब्रेकला पोचेनात. पुढे ओढली. दुसऱ्या गाडीत तेच, तिसरीतही तेच. हे असेच पाय पसरून बसायचे.

दिराला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, जगात उंच माणसं काय कमी आहेत?" मलाही हसू आलं.

मग एका दुपारी गाडीला कुलूप लावून पाव घ्यायला उतरले आणि लगेच परतले. कुलूप जसंच्या तसं. सीट मागे. आत त्यांच्या दाढीच्या साबणाचा वास. सीट पुढे ओढून घरी आले. तेव्हापासून बसनेच जायला लागले.

मुलीचं लायसन्स नवं कोरं. तिच्या कॉलेजच्या परीक्षेच्या दिवशी नेमका बसचा संप.

"तासाची गाडी नको घेऊस," मी म्हणाले.

"मग वर्ष घालवू का?"

ती गेली. तिच्याशिवाय मला आता होतं कोण? दिवसभर खिडकीतून हलले नाही.

उन्हं कलताना निळी गाडी दारात येऊन हळूच थांबली. मी खाली धावले. मुलगी शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, काचेला डोकं टेकून गाढ झोपलेली. स्टीअरिंगपुढे कोणीच नव्हतं. इंजिन चालू होतं.

काच वाजवली. तिने डोळे चोळत ती खाली केली.

"कधी डोळा लागला, कळलंच नाही गं..."

"आधी उतर."

"उतरू कशाला? तू मागे बस ना... बाबा थांबलेत."

तिला भीती वाटत नव्हती. मला वाटायला हवी होती, पण वाटेना. पोरीला एकटीला कसं पाठवायचं, एवढंच मनात आलं. तिघं निघालो की मागची जागा माझीच असायची. दार उघडून बसले.

गाडी निघाली. अजून चाललीच आहे, आणि बाहेरचं ऊन आहे तिथेच आहे.