मनगटाची लबाडी

गणराज त्या दुपारी पिंपरी कॅम्पात आला होता वडिलांच्या चपला घ्यायला. वाटेत गेम दुरुस्तीची पाटी दिसली, आणि चाकणच्या कारखान्यातली फर्स्ट शिफ्ट करून दमलेला तो गडी थेट स्वरूपाच्या दुकानात काउंटरशी येऊन उभा राहिला. चार दिवस बॅगेत घेऊन फिरत असलेला एक पांढरा रिमोट त्यानं बाहेर काढला. हातात धरून हात फिरवला की पडद्यावरचा खेळाडूही तसाच हात फिरवतो… तो.

स्वरूपानं कपाळाला हात लावला.

"हा बिघडलेला नाही. हा असाच असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे बटण दाबलं, तर बटण दाबलं जातं. हात हलवला तर… देवाची मर्जी!"

तो हसला. हसताना त्याच्या गालावरचा ऑइलचा पुसट डाग हलला, आणि स्वरूपाला स्वतःचाच राग आला. कशाला पाहिलं आपण तिकडे?

तरी तिनं रिमोट उघडून साफ करून दिला. आठवड्यानं तो पुन्हा आला. मग पुन्हा. बोलता बोलता कळलं, की त्याच्या वडिलांना, सोपानरावांना, दिवाळीत अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात वर जाईना, आणि व्यायाम म्हटलं की ते तोंड फिरवायचे. मग कुणीतरी सुचवलं — तो चेंडूनं बाटल्या पाडायचा गेम द्या.

"आता रोज खेळतात," गणराज अभिमानानं म्हणाला. "काल तर दहाच्या दहा बाटल्या पाडल्या! हात सुधारतोय, मॅडम."

गप्प राहायला हवं होतं. पण स्वरूपाला राहवलं नाही. तिनं स्टुलावर बसल्या बसल्या त्याचा रिमोट हातात घेतला, कोपर मांडीला टेकवलं आणि मनगट नुसतं झटकलं. दुकानातल्या टीव्हीवर दहाही बाटल्या कोसळल्या.

"बघितलंत? खांदा हललासुद्धा नाही. याला नुसता झटका कळतो; फसवायला एवढंच लागतं."

गणराजचा चेहरा उतरला. "बाबा लबाडी करतायत, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी रिमोटबद्दल बोलतेय—"

"तुमचा कशावर तरी विश्वास आहे का हो?" असं म्हणून तो तरातरा निघून गेला. रिमोट काउंटरवरच राहिला.

एक दिवस गेला, चार गेले, नऊ गेले. दहाव्या दिवशी स्वरूपानं वैतागून फोन लावला.

"तुमची वस्तू न्यायचीय, की भंगारात घालू?"

पलीकडून गणराज हळूच म्हणाला, "बाबा रोज विचारतात… आज सुट्टीच आहे मला. येतो न्यायला."

"नको. मीच आणून देते," ती म्हणून बसली, आणि त्याच्या घरी, सांगवीला जाणाऱ्या बसमध्ये स्वतःला शिव्या घालत राहिली.

सोपानराव खुर्चीत बसले होते. रिमोट बघताच लहान मुलासारखे खुलले. "आण पोरी, आण!" त्यांनी तो उजव्या हातात घेतला, मनगट झटकलं. दहा बाटल्या! पण आज गणराजचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. वडिलांचं कोपर खुर्चीच्या हातावरून हललंच नव्हतं.

"बाबा," तो हलकेच म्हणाला, "जरा हात वर करून टाका ना."

सोपानरावांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा स्वरूपाकडे. चोरी पकडली गेली होती. त्यांनी ओठ आवळले आणि हात उचलायला सुरुवात केली. सावकाश… थरथरत… छातीपर्यंत. कपाळावर घाम आला. पडद्यावरचा चेंडू जागचा हलला नाही. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पडद्यावर अक्षरं आली, 'हात हलवा.'

"आरं, जीव चाललाय माझा हात उचलताना, अन् दिसंना का रं तुला?" सोपानराव पडद्यावर गरजले आणि त्यांनी रिमोट भिरकावला. उजव्या हातानं. खांद्याच्या वरून!

भिंतीवर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. सोपानराव स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"आयला," ते म्हणाले.

आधी स्वरूपाला हसू फुटलं. मग तिनं पलंगावरची उशी उचलून त्यांच्या हातात दिली. "काका, आता ही मारा त्या टीव्हीला!" चहा होईपर्यंत सोपानरावांनी उशी सात वेळा फेकली. चार वेळा टीव्हीपर्यंत पोचली.

गणराज तिला बसस्टॉपवर सोडायला आला. गुलमोहराखाली दोघंच उभी. तो चप्पलेनं माती उकरत होता.

"त्या दिवशी तुमच्यावर ओरडलो…"

"हो. ओरडलात."

"तुमचं खरं होतं. म्हणून जास्त लागलं. रोज फोन हातात घ्यायचो… काय बोलावं, सुचायचं नाही."

"फोन हातात घ्यायचात?" स्वरूपा भडकली. "इकडे मी नऊ दिवस दुकानासमोर गाडी थांबली की मान वर करत होते! दोन चांगले कंट्रोलर जाळले त्या नादात. आणि तुम्ही फोन नुसता हातात—"

ती एकदम थांबली. काय बोलून गेलो आपण? कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तेवढ्यात पिंपरीची बस आली, थांबली… आणि गेली.

"बस गेली," गणराज म्हणाला.

"दिसली मला. आता बोल, काय बोलायचंय ते. पटकन."

"तू मला आवडतेस, स्वरूपा. फार."

"एवढंच? एवढ्याला नऊ दिवस लागले?" ती वैतागून बाकावर बसली, मांडीवर पर्स घेतली आणि शेजारी त्याच्यापुरती जागा केली.