मानपत्रातली नावं

सांगलीतल्या निम्म्या पोरांना कृष्णेत पोहायला शिकवणारे गुंडूनाना आंबी स्वतःच बुडाले होते म्हणे! हे ऐकून डॉ. शाल्मली चौगुले खुर्चीतून ताडकन उठली.

"कधी बुडालात, नाना?"

"अगं, पाच वर्सामागच्या महापुरात. हेरवाडे सायबांनी हात धरून भाईर काढलं. देवमानूस! उद्या मत त्यांनाच."

त्या महापुरात नाना काय करत होते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

नानांच्या कानामागे तांदळाएवढी स्मृतिजोड बसवलेली होती. म्हातारपणी निसटू लागलेल्या आठवणी ती बांधून ठेवी. शाल्मलीच्याच प्रयोगशाळेनं ती घडवली होती, आणि जिल्ह्यातले बारा हजार म्हातारे तिच्या जिवावर नातवंडांना नावानं हाका मारत होते. तपासणीला आलेले नाना आज सातवे. सातही जणांना त्याच पुरातून त्याच माणसानं काढलं होतं, आणि तो माणूस उद्या आमदारकीसाठी उभा होता!

शाल्मलीच्या अंगात वारंच शिरलं. तिनं संगणक पुढे ओढला. स्मृतिजोड रोज पहाटे स्वतःला नव्यानं जुळवते. तिच्या आज्ञावलीचे काही भाग प्रयोगशाळेच्या खासगी कपाटातून येतात, बाकीचे इंटरनेटवरच्या मुक्त भांडारातून. या भांडारात जगातला कोणीही आपला भाग फुकट ठेवू शकतो. एकाच नावाचा भाग दोन्हीकडे सापडला, तर ज्याचा आवृत्तिक्रमांक मोठा तो उचलायचा. नवं ते चांगलं, असा यंत्राचा भाबडा समज.

"म्हंजे काय गं?" नानांनी विचारलं.

"घरून तुमचा डबा आलाय. शेजारी तुमच्याच नावाचा दुसरा डबा कोणी ठेवला, वर 'आत्ताच केलेला' अशी चिठ्ठी लावून. कुठला उघडाल?"

"ताजाच की!"

"तुमच्या कानामागच्या यंत्रानंही तेच केलंय."

खासगी कपाटातल्या, पुराच्या आठवणी सांभाळणाऱ्या 'कृष्णामाई' नावाच्या भागाची आवृत्ती होती चौदावी. मुक्त भांडारातल्या 'कृष्णामाई'ची थेट नऊशे नव्याण्णववी! सापडला चोर. शाल्मलीनं टेबलावर अशी थाप मारली की नाना दचकले.

पण घरातलं नाव बाहेर गेलंच कसं? उत्तर समोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं. गेल्या महिन्यात संचालक निवृत्त झाले, तेव्हा शाल, श्रीफळ, मानपत्र असा रीतसर सत्कार झाला. मानपत्र तिनंच लिहिलं होतं. सरांच्या कौतुकात काही उणं राहू नये म्हणून त्यांनी घडवलेल्या एकूणएक भागांची नावं तिनं त्यात ओवली, आणि फोटो काढून जगाला दाखवलीही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं भराभर हुकूम सोडला: घरच्या नावाचे भाग फक्त खासगी कपाटातून, आणि पहाटेची वाट न बघता आत्ताच पुन्हा जुळा. दुपारपर्यंत बाराही हजार यंत्रं साफ झाली, निवडणूक अधिकाऱ्यांकडे पुरावे गेले. जिंकलो!

"आता सांगा, नाना. पुरात काय झालं?"

"सांगितलं न्हवं? सायबांनी काढलं."

तिनं यंत्र पुन्हा तपासलं. आत खोटं काही उरलं नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं. आठवण काढली की मेंदू ती दरवेळी नव्यानं लिहितो, आणि नानांनी महिनाभर ही गोष्ट घाटावर, चहाच्या गाड्यावर, भेटेल त्याला सांगितली होती. यंत्रातलं खोटं तिनं पुसलं. डोक्यातलं आता नानांचं स्वतःचं झालं होतं.

"नाना, हे कोणीतरी घुसडलंय हो. खोटं आहे."

"तू शिकलेली. खोटं म्हन्तीस तर असंल. पन त्यांचा हात अजून जानवतोय बघ मला. उपकार विसरायचे व्हय?"

शाल्मलीला रडू आवरेना. "नाना, तुम्ही होडी घातलीत त्या पुरात. अकरा माणसं काढलीत. माझ्या आईला तुम्ही काढलंत!"

नाना संकोचून हसले. दुसऱ्याचं कौतुक चुकून आपल्या पदरात पडावं तसे.

"मी? न्हाई गं, पोरी. तुझ्या आईला बी सायबांनीच काढलं असंल." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्या मत द्यायला इसरू नगंस."