उसंत नावाची मुलगी

कंपनीच्या दवाखान्यात कंपाउंडरने हाक मारली, "वसंत! वसंत कोण आहे?"

बाकावरून एक मुलगी उठली. "वसंत नाही... उसंत."

दोघं-तिघं हसले. कापलेल्या बोटाला रुमाल गुंडाळून बसलेला रविराज मात्र तिच्याकडे बघतच राहिला. तिला राग आलेला दिसत नव्हता. सवय झाली असावी.

बाहेर भुरभुर पाऊस होता. दोघंही पत्र्याखाली थांबले.

"उसंत म्हणजे... सवड ना?" त्याने विचारलं.

"हो. काही हरकत?"

"छे! आमच्या वेल्डिंगमध्ये ती कुणालाच मिळत नाही, म्हणून विचारलं."

ती हसली, आणि हसू लपवायला पावसाकडे बघू लागली.

चाकणच्या त्या कंपनीत ती क्वालिटीत, माल तपासायला होती. शिफ्ट जुळली की दोघं गेटसमोरच्या टपरीवर चहा घेऊ लागले. एकदा तिने आपण होऊनच नावाचं सांगितलं.

"शाळेत बाई मला उषाच म्हणायच्या. मावशी म्हणायची, असल्या नावानं पोरगी आळशी निघेल. एका मैत्रिणीला मात्र हे नाव फार आवडायचं, तिनं माझ्याकडं चक्क मागितलं होतं."

"आणि तुला?"

तिने ग्लास हातात फिरवला. "आई दुसऱ्यांच्या शेतात राबली, मग इथं पॅकिंगला लागली. माझ्या वेळी बाळंतपणात म्हणे पहिल्यांदाच तिला कुणी काम सांगितलं नाही. मला कुशीत घेऊन ती नुसती पडून राहिली. म्हणून उसंत... मी सहावीत होते, तेव्हा गेली ती."

रविराजने हातातला ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "उसंत... मला जन्मभर ही हाक मारायचीय."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मग घरी विचार," ती एवढंच म्हणाली.

रविराजचं घर चाकणजवळच्या गावात. वडील नव्हते. आई, शालनबाई, अजून स्वतः शेत बघायच्या. तो उसंतला घरी घेऊन आला, तेव्हा त्यांना मुलगी आवडली. नाव आवडलं नाही.

"ह्ये काय नाव हाय व्हय? पावणेरावळे हसतील. आमच्यात लग्नात नाव बदलत्यात. श्रद्धा ठिवू."

उसंतने रविराजकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता.

तिला चिंचवडला मावशीकडे सोडायला निघाला, तेव्हा बाइकवर तो म्हणाला, "कागदावर राहील की तुझं नाव. घरात फक्त..."

"गाडी थांबव."

मोशीच्या पुलाजवळ ती उतरली. "आईचा धड फोटोही नाही माझ्याकडं, रवी. तिनं दिलेलं एवढंच आहे. आणि तू गप्प बसलास!"

ती रिक्षात बसून निघून गेली. पुढच्या आठवड्यात तिने शिफ्ट बदलून घेतली. टपरीवर एकट्याने प्यायलेला चहा रविराजला गोड लागेना. तिच्या नावावर कुणी हसलं तर आपल्याला राग यायचा, आणि आपण तर ते नावच काढून घ्यायला निघालो होतो... हे त्याला हळूहळू उमगत गेलं.

एका संध्याकाळी तो आईसमोर येऊन बसला. "नाव बदलायचं असेल तर हे लग्न नको. दुसरंही कुठलं नको."

"येवढं काय हाय त्या नावात?"

"तुझं बदललं तेव्हा तुला कसं वाटलं होतं, आई?"

मेथी निवडणारे शालनबाईंचे हात थांबले. जुडी तशीच टाकून त्या उठून गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. मग एका रविवारी त्या नवं लुगडं नेसून अंगणात उभ्या राहिल्या.

"चल. मला तिच्याकडं न्हे."

मावशीच्या खोलीत त्या कॉटच्या कडेला अंग चोरून बसल्या. उसंतने पाणी दिलं. ते तसंच हातात धरून त्या बोलू लागल्या.

"पोरी, माझं म्हायेरचं नाव भिवरा. शालन ह्यांच्या घरानं ठिवलं. भाऊ होता तवर फोनवर भिवरा म्हणायचा. तो गेला, आन् त्ये नावबी गेलं. आता त्या नावानं मला वळखणारं कुणी न्हाई." त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "समद्या बायांचं असंच असतं, असं धरून चालले मी. पर तुझं नाव न्हाई घेणार मी. ऱ्हाऊ दे त्ये तुझ्यापाशी."

उसंत त्यांच्या पायाशी बसली. घाबरतच तिने विचारलं, "मी... भिवराआई म्हणू?"

शालनबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि त्या लहान मुलीसारख्या रडल्या.

रविराज दारातच उभा होता. बाहेरचा पाऊस त्याच्या पाठीवर पडत होता.

"आईच्या भीतीनं गप्प बसलो नव्हतो मी," तो म्हणाला. "मला ती गोष्ट लहान वाटली होती. चुकलो, उसंत... तुझ्याशिवाय नाही जमत मला."

तिने डोळे पुसले. त्याच्याकडे वळून बघितलं.

"परत गप्प बसशील?"

"नाही."

"मग आत ये. भिजतोयस."

तो येऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसला. तिने त्याचा ओला हात आपल्या हातात घेतला. वर कॉटवर शालनबाई पदराने तोंड पुसत होत्या, आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणून बघत होत्या —

"भिवराआई..."