खांबावरचा प्रीअँप

दार लोटून घ्या आणि ऐका. आमच्या पोशेऱ्याच्या गोरखबरोबर घडलेलं आहे हे, गेल्या सर्वपित्री अमावस्येला. त्या दुपारी तो जव्हारहून एसटीनं एक डबी घेऊन आला. अँटेनाचा प्रीअँप. लांबून येणारा बारीक आवाज ती मोठा करते.

गोरख हौशी रेडिओवाला, रीतसर लायसनवाला. पावसात मोबाईल बंद पडले की नदीपलीकडच्या पाड्यावरून त्याचा मित्र पांड्या रेडिओवरच बोलायचा. श्रावणात पांड्याला मण्यार चावली आणि गोरखच्या रेडिओत नुसती खरखर. पहाटे पांड्या गेला.

ही चूक त्यांच्या रेडिओ क्लबच्या म्होरक्याची, कमलेशची. गोरख कानीकपाळी ओरडत होता की आवाज थोडा कमी वाढला तरी चालेल, पण ज्याची स्वतःची खरखर कमी असा प्रीअँप घे आणि वर अँटेनापाशी बसव. कमलेशनं क्लबच्या पैशातून सगळ्यात ताकदवान घेतला आणि गोरखच्या रेडिओला जोडून खाली टेबलावर ठेवला, वर चढायचा कंटाळा म्हणून. आवाजाबरोबर खरखरही वाढली. वर दहाव्याला पांड्याच्या बायकोला, माघीला, तोंडावर म्हणाला, "त्यानं हाक मारलीच नसेल." नवरा रात्रभर रेडिओत बोलत होता, शेजारी ती बसली होती. आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कमलेशनं माघीची माफी मागावी, एवढंच गोरखला हवं होतं. म्हणून कमी खरखरीच्या डबीनं किती स्वच्छ ऐकू येतं ते दाखवायला त्यानं कमलेशला मुद्दाम घरी बोलावलं, दिवस मावळता अँटेनाच्या खांबावर चढून नवी डबी बसवली आणि आठच्या सुमारास रेडिओ लावला. पिठाची गिरणी थांबल्यावर होतं तसं शांत झालं. कमलेश हसला, म्हणाला, मेलेल्याचं काय घेऊन बसलास.

तेवढ्यात...

"गोरख... आयकतोस का रं?"

पांड्याचा आवाज. दमलेला. स्वच्छ.

"मण्यार चावली... गाडी पाठव..."

कमलेशनं बॅटरीची तार उपटली. रेडिओचा दिवा विझला.

आवाज चालूच.

गोरखही घाबरला होता. पण भीतीपेक्षा राग मोठा. त्यानं माईक कमलेशच्या हातात कोंबला. "दे त्याला उत्तर."

कमलेशनं बटण दाबलं. मग म्हणाला,

"काही... ऐकू येत नाही."

मेलेल्याशीही खोटं बोलला तो.

पलीकडचा आवाज तिथंच तुटला.

माफी त्यानं अजून मागितलेली नाही. रेडिओचे सेट मात्र तीनदा बदलले. तोच सेट गोरखच्या हातात दिला तर आवाज लख्ख जातो. कमलेश बोलला की थेट जव्हारपर्यंत नुसती खरखर ऐकू येते.