उघडली… सोडली

नेपियर टाउनमधल्या त्या छापखान्यात कॉम्प्युटर दोनच, आणि दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. नंदाकडे मॅक, समोरच्या टेबलावर रत्नाकरकडे विंडोज. फाइली मात्र एकाच सामाईक ड्राइव्हवर. दोघांनी एकदम एकच फाईल उघडली, की एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर चढायचं. म्हणून त्यांनी रीत पाडली होती. फाईल उघडताना मोठ्यानं म्हणायचं, "उघडली." बंद केली की, "सोडली." नऊ वर्षांत ही रीत मोडली नव्हती.

मार्चमध्ये रत्नाकर झोपेतच गेला. त्याचं मशीन तारा काढून कापडाखाली झाकून ठेवलं होतं.

मेच्या एका दुपारी नंदा शहरातल्या मराठी मंडळाची स्मरणिका शेवटची तपासायला बसली. पाचला ती छपाईला जायची होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'संकलन: रत्नाकर'. तिचं नाव गायब.

शहरातल्या ओमतीपासून पार बाहेरच्या कुंडमपर्यंत स्कूटर दामटून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी तिनं जमवल्या होत्या. त्यानं नुसती पानं लावली होती. बदल केल्याची तारीख त्याच्या शेवटच्या दिवसाची होती. त्याच दुपारी तिच्या डब्यातली भाकर खाता खाता तो म्हणाला होता, "दीदी, तुमच्याशिवाय हे पुस्तक झालंच नसतं." केसानं गळा कापणं कशाला म्हणतात, ते तिला आज कळलं. आणि गेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तिनं त्याचं नाव खोडून आपलं घातलं. शेवटच्या श्रद्धांजलीच्या पानावर, वर्षभरात गेलेल्या सभासदांत, त्याचं नाव जाण्याच्या तारखेसकट होतंच. तिनं सेव्ह दाबलं.

'फाईल दुसऱ्या मशीनवर उघडी आहे. वापरणारा: रत्नाकर.'

तिनं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या विष्णूला फोन लावला. तो आपल्या दुकानातूनच ड्राइव्ह बघायचा.

"मॅक-विंडोजमध्ये हे होतच राहते, दीदी. जुना लॉक अटकला असेल. त्यांचं मशीन बंद करा."

"बंदच आहे, भैया. तारच नाही त्याला."

फोनमधून कीबोर्डची टकटक ऐकू आली. "अच्छा… इथून तर चालू दिसून राहिलं."

फोन ठेवला तेव्हा कूलर थांबलेला होता. खोलीत लवंगेचा वास येत होता. रत्नाकरच्या तोंडात कायम लवंग असायची.

पण तिचा राग भीतीहून मोठा होता. घड्याळात साडेचार झाले होते.

"रत्नाकरजी," ती झाकलेल्या टेबलाकडे बघून म्हणाली, "खूप झालं. सोडा आता…"

कापड किंचित हललं.

"सोडली."

आवाज नेहमीचाच, शांत. फाईल सेव्ह झाली. तिनं प्रिंट काढली.

पहिल्या पानावर, 'संकलन: रत्नाकर'. तिनं घाईघाईनं शेवटचं पान उलटलं. श्रद्धांजलीच्या यादीत रत्नाकर नव्हता. त्याच्या जागी तिचं नाव होतं, आणि पुढे आजची तारीख.

ते खोडायला तिनं माउसकडे हात नेला. समोरच्या टेबलावरून आवाज आला.

"उघडली."